हजारात एक म्हणजे किती?

ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवरून २,००१ कोटी व्यवहार झाले. महिन्याचा आकडा दोन हजार कोटींच्या वर जाण्याची ती पहिलीच वेळ. एकतीस दिवसांत वाटले तर दिवसाला साडेचौसष्ट कोटी. सेकंदाला सुमारे ७,४७०, तेही पहाटे तीनचा शुकशुकाट आणि संध्याकाळी सातची गर्दी एकत्र धरून काढलेली सरासरी. गर्दीच्या वेळी हा वेग किती चढत असेल याचा अंदाज कुठल्याही किराणा दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहिलं की येतो. त्या महिन्यात फिरलेली रक्कम होती २४.८५ लाख कोटी रुपये, म्हणजे दिवसाला ऐंशी हजार कोटी. एका व्यवहाराची सरासरी मात्र १,२४० रुपयांच्या आसपासच होती. इतका अवाढव्य आकडा छोट्या छोट्या रकमांनी उभा केलेला आहे.

आता मागे वळून बघू. एप्रिल २०१६मध्ये मुंबईत रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआय सुरू झालं, आणि ऑगस्टच्या अखेरीस बँकांची ॲप्स लोकांच्या हाती आली. त्यानंतरचा पहिला पूर्ण महिना सप्टेंबर २०१६. त्या तीस दिवसांत देशभरात मिळून व्यवहार झाले सुमारे ९० हजार. ऑगस्ट २०२५च्या सरासरी वेगाने तेवढे व्यवहार बारा सेकंदांत उरकतात. हे वाक्य वाचायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो.

या चढत्या आलेखाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मला लिहायचं आहे ते हा भार खांद्यावर घेणाऱ्या संस्थांबद्दल: बँका, त्यांचे आयटी विभाग, त्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्या आणि मधोमध बसलेलं एनपीसीआय, म्हणजे राष्ट्रीय पेमेंट महामंडळ. नवं तंत्रज्ञान विकत घेता येतं. त्यावर कोट्यवधी माणसं विसंबली की पुढे काय करायचं, हे विकत मिळत नाही. तिथे रोजचं, किचकट, कुणाच्या नजरेत न भरणारं व्यवस्थापन लागतं. आणि ते जमलं की नाही, हे मोठ्या आकड्यांपेक्षा त्यांच्या शेवटी उरलेल्या बारीक टक्क्यांत दिसतं.

संचालक मंडळाच्या बैठकीत एक स्लाइड हमखास असते: आमची यंत्रणा ९९.९ टक्के चालू. बघायला छान वाटतं. पण वर्षाचे ८,७६० तास. त्यातला ०.१ टक्का म्हणजे पावणेनऊ तास. ९९.९९ टक्के म्हटलं तर बावन्न-त्रेपन्न मिनिटं. आणखी एक नऊ जोडला तर सव्वापाच मिनिटं. प्रत्येक नऊ जोडताना खर्च किती चढतो ते आयटीच्या माणसाला विचारावं, आणि तो खर्च मंजूर करून घेताना त्याची किती दमछाक होते तेही.

हाच हिशेब व्यवहारांना लावू. दिवसाला साडेचौसष्ट कोटींपैकी शंभरात एक अडकला असं धरलं, तर रोज साडेचौसष्ट लाख व्यवहार अडले. हजारात एक धरला तर साडेसहा लाखांच्या आसपास. दहा हजारांत एक, म्हणजे परीक्षेत ९९.९९ टक्के मिळवावेत तशी कामगिरी, तरीही रोजचे चौसष्ट हजार. वानखेडे स्टेडियम दोनदा जवळजवळ खचाखच भरेल एवढी ही माणसं आहेत. एवढ्या प्रमाणावर टक्केवारीच्या भाषेत विचार करणं धोक्याचं होतं, कारण दशांशचिन्हाच्या उजवीकडच्या अंकांतही एक अख्खं गाव राहत असतं.

त्यातला एकच माणूस जवळून बघू. मंडईत भाजीच्या गाळ्यापाशी एक बाई उभी आहे. साठ रुपयांची मेथी आणि टोमॅटो पिशवीत पडलेत. तिच्या फोनवर बँकेचा मेसेज आला आहे, पैसे कटलेत. भाजीवाल्याचा स्पीकर मात्र गप्प. ‘ताई, माझ्याकडं आले नाहीत.’ ‘अहो दादा, हे बघा, कटलेत.’ दोघंही खरं बोलताहेत. साठ रुपये तिच्या बँकेतून निघालेत आणि त्याच्या बँकेत पोचलेले नाहीत. पुन्हा पैसे द्यायचे तर तिला शंका, न घेता माल द्यायचा तर त्याचा तोटा. मागे तीन गिऱ्हाइकं खोळंबली आहेत. ते साठ रुपये या क्षणी आहेत कुठे?

याचं उत्तर शोधायला व्यवहाराच्या पोटात शिरावं लागतं. पिन दाबला की तो फोनवरच कुलूपबंद होऊन निघतो. ॲपच्या मागे एक बँक असते, तिच्याकडून विनंती एनपीसीआयच्या स्विचवर जाते. स्विच आधी समोरच्याच्या पत्त्यामागचं खातं कोणतं ते विचारून घेतो. मग पैसे देणाऱ्याच्या बँकेला सांगतो, इतके वजा कर. ती बँक पिन तपासते, शिल्लक बघते, खात्यात नावे टाकते आणि होकार कळवते. मग घेणाऱ्याच्या बँकेला निरोप जातो, इतके जमा कर. तिचा होकार आला की दोन्ही टोकांना पोच जाते. बाईंच्या दृष्टीने हे दोन-तीन सेकंद. यंत्रांच्या दृष्टीने चार संस्था आणि जाता-येता आठ-दहा निरोप. सेकंदाला साडेसात हजार व्यवहार म्हणजे प्रत्यक्षात साठ-सत्तर हजार निरोप, आणि प्रत्येक निरोपाची वाट बघणारा कुणीतरी. ‘वजा कर’ आणि ‘जमा कर’ यांच्या मधल्या फटीत कुठेतरी एखादा निरोप उशिरा आला, की ते साठ रुपये अधांतरी राहतात.

या साखळीतल्या सगळ्या कड्या एकाच वयाच्या नाहीत. ॲप कालपरवाचं. स्विच दहा वर्षांचा. पण ‘वजा कर’ हा हुकूम शेवटी जिथे पोचतो ती बँकेची कोअर बँकिंग यंत्रणा बऱ्याचदा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या घडणीची असते. शाखा सकाळी उघडायची, काउंटरवर स्लिपा घ्यायच्या, संध्याकाळी दिवस बंद करायचा आणि रात्री व्याजाचे हिशेब चालवायचे, असा तिचा दिनक्रम ठरलेला होता. एका खात्यावर महिन्याला थोड्याच नोंदी धरून तिचं माप काढलं होतं. त्याच खात्यावर आता दिवसाला पंधरा नोंदीही पडू शकतात, त्यात दहा रुपयांचा चहासुद्धा येतो. दिवस बंद करण्याची प्रक्रिया चालू असतानाही रात्री बारा वाजता कुणीतरी रिक्षाचे पैसे देतच असतं. ही यंत्रणा टाकून नवी आणायची तर चालत्या गाडीचं इंजिन बदलायचं. म्हणून बहुतेक बँका जुन्याच्या भोवती नव्याचे थर चढवत जातात. प्रत्येक थर आणखी एक जोड आणतो, आणि बिघाड बहुधा या जोडांवरच होतात.

१२ एप्रिल २०२५, शनिवार. दुपारच्या सुमारास देशभर यूपीआय अडखळायला लागलं आणि कित्येक तास रखडत राहिलं. एनपीसीआयने नंतर कारण शोधलं तेव्हा कळलं की पैसे पाठवण्याच्या विनंत्यांनी यंत्रणा वाकलीच नव्हती. तिला वाकवलं होतं चौकश्यांनी. एखाद्या व्यवहाराचं उत्तर आलं नाही की बँकेची यंत्रणा विचारते, त्याचं काय झालं? काही बँकांच्या यंत्रणा हे पुन्हा पुन्हा, थोड्याही विश्रांतीशिवाय विचारत सुटल्या होत्या, आणि जुन्या व्यवहारांबद्दलही विचारत होत्या. मग चक्र सुरू होतं. चौकश्या वाढल्या की उत्तरं लांबतात, आणि उत्तरं लांबली की चौकश्या आणखी वाढतात. एसटी स्टँडवर गाडीला उशीर झाला की सगळे प्रवासी चौकशीच्या खिडकीवर गर्दी करतात आणि आतल्या माणसाला गाडी कुठवर आली हे फोन करून विचारायलाही उसंत मिळत नाही, तशातली गत.

यात कुणी शत्रू नव्हता की कुठलं यंत्र जळलं नव्हतं. कुणीतरी कधीतरी एक सोयीची ओळ लिहिली होती: उत्तर नाही आलं तर परत विचार. दिवसाला हजार व्यवहार असताना ती ओळ शहाणपणाची होती. दिवसाला कोट्यवधी व्यवहार झाल्यावर ती तशीच राहिली, कारण ती परत वाचून बघणं हे कुणाच्या कामाच्या यादीत नव्हतं. आकार बदलला की जुन्या चांगल्या सवयीसुद्धा घातक ठरू शकतात, हे मला या प्रकरणात फार महत्त्वाचं वाटतं. व्यवसायाचा आकार दर वर्षी वाढतो, पण त्या वाढीसोबत आपले जुने निर्णय पुन्हा तपासायला बसणाऱ्या संस्था थोड्या.

उपाय कुणाला चटकदार वाटणार नाहीत असे होते, आणि म्हणूनच ते मला आवडले. एका व्यवहाराची चौकशी जास्तीत जास्त तीनदा, तीही मध्ये ठरावीक अंतर ठेवून. व्यवहाराची स्थिती कळवायला पूर्वी ३० सेकंदांची मुभा होती, जून २०२५पासून ती १० सेकंदांवर आणली. १ ऑगस्ट २०२५पासून एका ॲपवरून दिवसाला पन्नासदाच शिल्लक बघता येते. हप्ते आणि वर्गण्या आपोआप वजा करणारे व्यवहार गर्दीच्या वेळेबाहेर ढकलले. गर्दीची वेळ ठरली सकाळी १० ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ते रात्री साडेनऊ. यात नवं यंत्र नाही, नवी संकल्पना नाही. फक्त कोण कुणाला किती वेळा विचारेल याची शिस्त आहे. त्याच ऑगस्टमध्ये यूपीआयने दोन हजार कोटींचा टप्पा ओलांडला.

एका उपायात मात्र खरी कल्पकता आहे. यूपीआयवरचे निम्मे व्यवहार दोनशे रुपयांपर्यंतचे असतात हे लक्षात घेऊन सप्टेंबर २०२२मध्ये यूपीआय लाइट आणलं गेलं. थोडी रक्कम आधीच फोनवरच्या छोट्या पाकिटात काढून ठेवायची, आणि चहा, वडापाव, बसचं तिकीट यांचे पैसे तिथून द्यायचे. प्रत्येक व्यवहाराला बँकेची मुख्य खातेवही उघडायला नको. सुरुवातीला एका वेळी २०० रुपये आणि पाकिटात २,००० अशी मर्यादा होती, पुढे ती १,००० आणि ५,००० झाली. यात एक प्रांजळ कबुली दडलेली आहे: मुख्य यंत्रणेवरचा सगळा भार कायम वाढवत नेता येणार नाही, काही भार तिच्यापर्यंत पोचूच द्यायचा नाही. आयटी व्यवस्थापनातली ही मोठी समज आहे. जुन्या यंत्रणेची लाज न बाळगता तिची मर्यादा ओळखून तिच्याभोवती रचना करायची.

यूपीआयच्या मेसेजमध्ये बारा अंकी संदर्भ क्रमांक येतो. बारा अंकांतून एक लाख कोटी वेगवेगळे क्रमांक तयार होतात. कधीही संपणार नाहीत असं वाटतं. पण महिन्याला दोन हजार कोटी या वेगाने ते पन्नास महिन्यांत, म्हणजे चार वर्षांहून जरा जास्त काळात संपतील. यंत्रं एकमेकांत बोलताना वापरतात तो आयडी मात्र ३५ अक्षरांचा आहे. त्याच्याबद्दल जानेवारी २०२५मध्ये एनपीसीआयला पत्रक काढावं लागलं: आयडीमध्ये फक्त अक्षरं आणि अंक चालतील, १ फेब्रुवारीपासून इतर कुठलंही चिन्ह असलेला व्यवहार थेट नाकारला जाईल. दहा वर्षं वयाच्या, लाखो कोटी हाताळणाऱ्या यंत्रणेत आयडीमध्ये डॅश चालतो की नाही, यावर पत्रकं निघतात. बाहेरच्या माणसाला हे क्षुल्लक वाटेल. पण शेकडो बँका आपापल्या पद्धतीने लिहायला लागल्या तर भाजीवाल्याच्या साठ रुपयांचा माग काढताना हाच डॅश आडवा येतो.

आणि माग काढावाच लागतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमानुसार एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले, पण वाटेत अडकलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. नाही आले तर बँकेने ग्राहकाला रोजचे शंभर रुपये भरपाई द्यायची. शंभर रुपये थोडे वाटतात. त्यांना अडकलेल्या व्यवहारांनी गुणून बघा. मग बँकांमध्ये ताळमेळ जुळवणाऱ्या, ज्यांना तिथे सगळे ‘रिको’ म्हणतात, त्या टीमचं मोल कळतं. तीन ठिकाणच्या याद्या समोरासमोर ठेवायच्या आणि न जुळणाऱ्या ओळी शोधायच्या, हे त्यांचं काम. बँकेच्या वार्षिक अहवालातल्या चकचकीत पानांवर ही माणसं मला कधी दिसली नाहीत.

पैशांचा प्रश्नही इथेच येतो. यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही, असं धोरण जानेवारी २०२०पासून आहे. २०२४-२५मध्ये यूपीआयवर सुमारे १८,६०० कोटी व्यवहार झाले. छोट्या दुकानदारांकडच्या छोट्या व्यवहारांसाठी त्या वर्षी सरकारने प्रोत्साहन म्हणून मंजूर केले दीड हजार कोटी रुपये. सगळ्या व्यवहारांवर वाटले तर एकाला आठ पैसे पडतात. बँकेच्या वित्तप्रमुखासमोर आयटीप्रमुख नव्या सर्व्हरची मागणी घेऊन बसतो तेव्हा दोघांमध्ये हे आठ पैसे असतात. लोकांना ही सेवा फुकट मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे. पण तिच्या देखभालीचा पैसा कुठून यायचा हा प्रश्न टाळत राहिलो, तर वरच्या त्या नऊच्या आकड्यांतला एखादा कधी तरी गळून पडेल.

आकडे छोटे असले तरी घाव केवढा बसतो, हे पुण्याला ठाऊक आहे. कॉसमॉस ही १९०६ सालची सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ला, एका शनिवारी, काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून तिच्या ग्राहकांच्या नावाच्या बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. परदेशात सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी, भारतात २,८४९ व्यवहारांत अडीच कोटी. सोमवारी स्विफ्ट या परदेशी पैसे पाठवण्याच्या जाळ्यातून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. चोरांनी एकही तिजोरी फोडली नाही. एटीएमच्या विनंतीला उत्तर देणारा एक खोटा स्विच त्यांनी मधे बसवला. खात्यात पैसे आहेत का, हे विचारायला विनंती कोअर बँकिंगपर्यंत पोचतच नव्हती. मधला तोतया प्रत्येकाला ‘द्या’ म्हणून सांगत होता. एटीएमवरचे सगळे मिळून साडेचौदा हजारांवर व्यवहार. यूपीआयच्या ऑगस्ट २०२५च्या वेगाने बरोबर दोन सेकंदांचं काम. शंभरी पार केलेल्या बँकेला हादरवायला एवढे पुरले, कारण बिघाड होता तो नेमका जोडावर.

नवं घेण्याच्या घाईत काय होतं याचा सगळ्यात थरारक हिशेब अमेरिकेतला आहे. नाइट कॅपिटल ही शेअर दलालीतली बडी कंपनी. न्यूयॉर्क शेअर बाजाराची एक नवी योजना १ ऑगस्ट २०१२ला सुरू व्हायची होती आणि नाइटला पहिल्या दिवसापासून त्यात उतरायचं होतं. नवं सॉफ्टवेअर आठ सर्व्हरवर चढवायचं होतं. सातांवर चढलं, आठव्यावर राहून गेलं. त्या आठव्यावर २००३पासून वापरात नसलेला जुना कोड पडून होता, आणि नव्या योजनेसाठी वापरलेल्या खुणेने नेमका तोच जागा झाला. बाजार उघडण्याआधी यंत्रणेने ९७ ईमेल पाठवले होते. त्यांच्याकडे कुणी धोक्याची घंटा म्हणून पाहिलं नाही. बाजार उघडला आणि ग्राहकांच्या २१२ ऑर्डरींपोटी त्या कोडने १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये चाळीस लाखांहून जास्त सौदे केले. गोंधळात कर्मचाऱ्यांनी उरलेल्या सात सर्व्हरवरचं चांगलं सॉफ्टवेअर काढून टाकलं, मग तेही बिघडले. पंचेचाळीस मिनिटांत ४४ कोटी डॉलर गेले, त्या वेळच्या दराने सुमारे २,४०० कोटी रुपये. कंपनी त्यातून स्वतःच्या पायावर पुन्हा उभी राहिली नाही.

आठापैकी सात म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के काम पूर्ण. प्रगतीच्या तक्त्यावर हा रकाना हिरवा दिसला असता.

म्हणून एप्रिल २०२४मध्ये रिझर्व्ह बँकेने कोटक महिंद्रा बँकेला ऑनलाइन आणि मोबाइलवरून नवे ग्राहक जोडायला आणि नवी क्रेडिट कार्डं द्यायला मनाई केली, तेव्हा त्या आदेशातली कारणं मी लक्ष देऊन वाचली. आपल्याकडे कोणती यंत्रं आणि सॉफ्टवेअर आहेत याची नोंद. सुधारणा वेळेवर चढवणं आणि बदलांवर नियंत्रण. कुणाला कशात शिरायची परवानगी आहे. पुरवठादारांचा धोका. माहितीची सुरक्षा. आपत्तीनंतर काम चालू ठेवण्याची तयारी. २०२२ आणि २०२३ अशा सलग दोन वर्षांच्या तपासणीत या बाबतींत गंभीर उणिवा आढळल्याचं त्यात म्हटलं होतं. फेब्रुवारी २०२५मध्ये, बँकेने सुधारणा केल्यावर, मनाई उठली. त्या यादीत एकही शब्द नव्या युगाचा नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता नाही, ब्लॉकचेन नाही. पण त्याच शब्दांपायी एका मोठ्या खाजगी बँकेची डिजिटल वाढ जवळजवळ दहा महिने अडली.

आज प्रत्येक कंपनीच्या वार्षिक आराखड्यात एआय आहे, आणि ते यायलाच हवं. फसवणूक ओळखायला, तक्रारींची वर्गवारी करायला, मराठीत बोलून काम सांगणाऱ्या ग्राहकाला समजून घ्यायला ते फार उपयोगी पडेल. पण माझं ठाम मत आहे की ज्या संस्थेकडे आपल्या सर्व्हरची पूर्ण यादी नाही, तिने पहिला पैसा त्या यादीवर खर्च करावा. फसवणूक ओळखणारं मॉडेल हजारात एकदा चुकून खऱ्या माणसाचा व्यवहार अडवेल, असं पुरवठादार आनंदाने सांगेल. साडेचौसष्ट कोटींच्या हजारात एकचा अर्थ वर आलाच आहे. त्यातला कुणी दवाखान्यात बिल भरत असेल. तो व्यवहार सोडवायला किती माणसं बसवणार, हा प्रश्न खरेदीच्या करारात पहिल्या पानावर असला पाहिजे.

तयारी कशी असते हे बघायचं तर मुंबईतल्या शेअर बाजारांकडे बघावं. आणि तिथला आकडा यूपीआयलाही मागे टाकतो. लोकसभेच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी, ५ जून २०२४ला, राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईवर, सव्वासहा तासांत १,९७१ कोटी ऑर्डरी आल्या. ऑगस्ट २०२५मध्ये यूपीआयवर महिनाभरात जेवढे व्यवहार झाले, जवळपास तेवढ्या, एका बैठकीत. सेकंदाला पावणेनऊ लाख. त्यातून प्रत्यक्ष सौदे झाले २८ कोटी, म्हणजे एका सौद्यामागे सत्तर ऑर्डरी. बाकीच्या टाकलेल्या, बदललेल्या, मागे घेतलेल्या, बहुतेक यंत्रांनीच.

याच बाजारावर २४ फेब्रुवारी २०२१ला सकाळी ११.४०ला काम ठप्प झालं होतं. दूरसंचाराच्या जोडण्या तुटल्या, आणि पर्यायी केंद्र असूनही काम तिकडे हलवलं गेलं नाही. बाजार दुपारी पावणेचारला पुन्हा उघडला आणि त्या दिवशी पाचपर्यंत चालवावा लागला. पर्यायी केंद्र बांधणं आणि बिघाडाच्या क्षणी त्यावर विश्वास ठेवून उडी मारणं यांत किती अंतर आहे, ते त्या चार तासांत सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर सेबीने नियम कडक केले: बिघाड झाल्यावर अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची आणि तिथून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचं. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचा नियमही असाच आहे. महत्त्वाच्या यंत्रणा पर्यायी केंद्रावर हलवण्याची तालीम वर्षातून किमान दोनदा, आणि ती नावापुरती नव्हे, तर दिवस उघडण्यापासून बंद करण्यापर्यंत पूर्ण कामकाजाचा दिवस पर्यायी केंद्रावरून चालवून.

२ मार्च २०२४ला शनिवार होता, एरवी बाजाराला सुट्टी. त्या दिवशी एनएसई आणि बीएसई दोन्ही मुद्दाम उघडले. सकाळी सव्वानऊ ते दहा सौदे मुख्य केंद्रावरून झाले. मग बाजार थांबवला, सगळा कारभार पर्यायी केंद्रावर हलवला, आणि साडेअकरा ते साडेबारा सौदे तिथून चालले. शेअर खरे होते, पैसे खरे होते, भावही खरे लागले.